बातमी खोटी असल्याचा ठराव

“खोटं हाय,” मेलेले अध्यक्ष म्हणाले.

भजन थांबलं. एकाचा टाळ तेवढा हातातल्या हातात थोडा वेळ वाजत राहिला.

वडगावच्या विणकर सोसायटीचे अध्यक्ष सिद्रामआप्पा आदल्या संध्याकाळी वारले होते. ते लिंगायत; त्यांच्यात मेलेल्या माणसाला बसवूनच मूठमाती देतात. म्हणून सकाळी आप्पांना अंघोळ घालून, विभूती लावून ओट्यावर खुर्चीत बसवलं होतं. शेजारच्या भावकूनं मोठ्या मायेनं पेपरातली त्यांच्या निधनाची बातमी सगळ्यांना वाचून दाखवली. तिथंच चूक झाली. गळ्यात हार, बसायला खुर्ची आणि समोर माणसं, एवढं जमलं की आप्पा बोलायचेच. त्यात बातमी पेपरातली.

“ही बातमी खोटी हाय,” आप्पा पुन्हा म्हणाले. नाकातल्या कापसामुळं आवाज बसका येत होता. “मंजूर?”

सगळ्यांचे हात वर गेले. सोसायटीत पद्धतच तशी होती. सूत संपल्याची बातमी आली, तेव्हा आप्पा खोटं म्हणाले आणि हात वर गेले. माग बंद पडल्याची बातमी आली, तेव्हाही गेले. ज्यांचे माग बंद होते, त्यांचेही गेले.

डॉक्टरांना बोलावलं. त्यांना नाडी लागली नाही. “पेपर वाचून आलास व्हय रं?” आप्पांनी विचारलं. डॉक्टर बॅग घेऊन निघून गेले. खणलेल्या खड्ड्यापाशी मठाचे स्वामी वाट बघत बसले होते. “बोलणाऱ्या माणसाला मी पुरत न्हाय,” एवढं म्हणून तेही मठात परतले.

बातमी रचनाची होती. खडेबाजारातून निघणाऱ्या चार पानी पेपरात ती एकटीच बातमीदार होती. सोसायटीच्या सभेत तिला खुर्ची नसायची. पत्रकारांची जागा चपलांपाशी, असा आप्पांचा ठरावच होता. “एक डाव खुलासा छाप गं,” ते सभेतून ओरडायचे. “आमी खोटं छापलं म्हणून लिही, लगेच खुर्ची देतो.” रचनानं कधी खोटं छापलं नव्हतं. त्यामुळं खुलासाही नव्हता आणि खुर्चीही नव्हती.

आप्पा ओट्यावरून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिथंच सभा घेतली. सूत आलंय, माग धडाधड चाललेत, असं सांगितलं. गल्लीत एकही माग वाजत नव्हता. तरी माणसं कान देऊन माना डोलवत होती. आप्पांची बोटं निळी पडली होती. शाई सांडली असेल, असं सभासद एकमेकांना सांगत होते. वास यायला लागला, तेव्हा सगळ्यांनी मिळून गटारीला नावं ठेवली. अगरबत्त्या वाढल्या. माशांना मात्र ठराव माहीत नव्हता.

त्या दुपारी आप्पांची बायको, जयवंताआक्का, रचनाच्या ऑफिसात आली. कपाळ मोकळं होतं. हातात हिरव्या बांगड्या तशाच होत्या.

“अर्धी विधवा करून ठेवलीया बघ मला,” ती म्हणाली. “बाया बांगड्या फोडाय आलत्या, तर ह्ये खुर्चीतनं म्हणाले, थांबा, ठराव झालाय.”

रचनानं तिला बसायला खुर्ची पुढं केली.

“जेवाय मागत न्हाईत. पाणी न्हाय. सकाळी निस्ता पेपर मागत्यात. भावकू वाचतोय, ह्ये खोटं म्हणत्यात, की परत गार. चाळीस वरसं संसार केला गं मी त्येंच्यासंगं. माशा बसाय लागल्यात तोंडावर. मला नीट मातीत ठेवाय दे त्येंना. तू एक डाव खोटं छाप.”

“मी कधी खोटं छापलं नाही, आक्का.”

“म्हणून तर तुझ्याकडं आलतो.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर ठळक बातमी आली. ‘अध्यक्ष सिद्रामआप्पा हयात. प्रकृती ठणठणीत.’

भावकूनं ती ओट्यावर मोठ्यानं वाचली. सभासदांना हायसं वाटलं. “आली की लायनीवर बाई!” कोणीतरी म्हणालं. रचना चपलांपाशी उभी होती.

आप्पांची मान हळूहळू वळली. वळताना ती सुकलेल्या सुतळीसारखी करकरली. ते रचनाकडं बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांवर साय धरली होती. बातमी खरी म्हणावी, तर पेपर खरा ठरत होता. ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. सगळी गल्ली वाट बघत होती. हारातलं एक फूल मांडीवर पडलं.

“खोटं हाय,” आप्पा म्हणाले.

सवयीनं सगळ्यांचे हात वर गेले.

हात वर असतानाच आप्पांची मान हारात पडली. कोणाला हात खाली घ्यायचं धाडस होईना. वर हात केलेली ती माणसं लुटारूंनी अडवल्यासारखी उभी होती.

“मंजूर झालंय न्हवं?” जयवंताआक्का म्हणाली. “मग उचला आता.”

माती झाली. सगळे पांगल्यावर रचना ऑफिसात आली आणि तिनं आयुष्यातला पहिला खुलासा लिहिला.

‘सिद्रामआप्पा हयात असल्याची आमची कालची बातमी खोटी होती. खुद्द अध्यक्षांनीच ही चूक लक्षात आणून दिली. त्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.’