पोळपाटावरचा लॅपटॉप

श्रुतिकाने एक हात लेकीच्या मानेवर ठेवला, दुसरा लॅपटॉपच्या पोटाखाली. मान घामाने चिकट झालेली. लॅपटॉप चटका देत होता.

"मम्मी, ह्याला ताप आलाय?" चार वर्षांच्या निधीने विचारलं.

"हो. बोट लावायचं नाही."

काम एवढंसं होतं. निधीच्या बारशाचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घ्यायचा. तो दुसरीकडे कुठेच नव्हता. पण अर्धा झाला की लॅपटॉप तापायचा आणि बंद पडायचा. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला होता, "मॅडम, हार्ड डिस्क जातेय. थंड ठेवा आणि निघेल ते काढून घ्या. उद्याची गॅरंटी नाही."

थंड ठेवा म्हणे. घाटकोपरच्या डोंगरावरची खोली, वर पत्रा, मे महिना.

तिच्या सासूबाई, प्रेमाबाई, आतून वाटी घेऊन आल्या. वाटीत पाणी आणि ओली घडी. श्रुतिकाला वाटलं, निधीसाठी असेल. सासूबाईंनी घडी पिळली आणि थेट लॅपटॉपकडे नेली.

"आई! पाणी नको!"

"अगो, निधीचो ताप असोच उतरलो ना?"

"हा मरेल पाण्याने. आणि ह्याच्याखाली गोधडी कोणी घातली?"

"मी. रोज गुंडाळून ठेवतंय. धूळ बसता."

गोधडीने खालची हवाच कोंडली होती. श्रुतिका फाडकन बोलणार होती, पण नजर भिंतीवर गेली. सासऱ्यांच्या फोटोवरचा हार अजून नवाच दिसत होता. बारशाचा व्हिडिओ त्यांनीच काढलेला, त्यामुळे त्यात ते कुठेच नव्हते. होता तो फक्त आवाज.

तिने ओट्यावरून पोळपाट उचलला. तीन पायांचा, खालून हवा खेळेल असा. "थांब, पीठ जाईत आत," म्हणत प्रेमाबाईंनी तो पदराने पुसून दिला. लॅपटॉप पोळपाटावर चढला. समोर घरातला एकुलता टेबलफॅन लागला. कॉपी पुन्हा सुरू झाली.

निधीने कान लावला. "मम्मी, आत कोणतरी टिकटिक करतंय."

श्रुतिकाने ओळखलं, जाणारी डिस्क अशीच वाजते. प्रेमाबाईंनीही वाकून कान लावला.

"तेंचो आवाज खंय असता गो ह्येच्यात?"

"आत चकती असते, आई. गरगर फिरते. तिच्यावर."

"सगळो?"

"सगळा."

"खोकलोसुद्धा?"

"खोकलासुद्धा."

प्रेमाबाईंनी मान हलवली. मग निधीच्या गळ्यावरचं घामोळं बघितलं आणि टेबलफॅन तिच्याकडे वळवला.

"आई, अहो, हा बंद पडेल ना!"

"पोराक उकडता." त्यांनी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा पुठ्ठा काढला, पोळपाटासमोर मांडी घातली आणि चुलीला घालावा तसा, पण हळू, वारा घालू लागल्या.

श्रुतिका कधी लेकीला चाचपत होती, कधी लॅपटॉपला. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीसारखी सरकत होती. टिकटिक वाढली. पट्टी शेवटाला टेकली, 'झालं' असा निरोप आला, आणि पाठोपाठ पडदा काळा पडला. टिकटिकही थांबली.

श्रुतिकाने पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. पाळणा दिसला. बायकांचा कलकलाट ऐकू आला. आणि कॅमेऱ्याच्या मागून, अगदी जवळून, कोणीतरी खोकलं.

"आजोबा!" निधी ओरडली.

श्रुतिका वळली. प्रेमाबाईंची नजर टीव्हीवर होती. हात मात्र काळ्या पडलेल्या लॅपटॉपवर वारा घालतच होता.

"आई, आलं सगळं. थांबा आता."

"आसां दे गो," प्रेमाबाई म्हणाल्या. "तेंका उकाडो सोसणा नाय."