घाट चढणारी गाडी

जाहेदानं व्हॅन यार्डाच्या फाटकातच आडवी लावली. मग उतरली, पदर सारखा केला आणि जुन्या गाड्यांच्या रांगेतून सरळ धीरजशेठच्या टेबलापाशी गेली.

"शेठ, काल गाडी चांदसैली घाटमा बंद पडी गयी," ती म्हणाली.

धीरजशेठ नंदुरबारात जुन्या गाड्या विकायचा. ही व्हॅनही जाहेदानं नुकतीच त्याच्याकडून घेतली होती. ती बाजारोबाजार बांगड्या विकायची. आजवर तिच्या पेट्या दुसऱ्यांच्या जीपच्या टपावरून डोंगरात जायच्या. होळीआधीचे भोंगऱ्या बाजार लागले, की पुढच्या कितीतरी महिन्यांची कमाई त्यातच व्हायची. यंदा ती पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीनं निघाली होती. निम्म्या घाटात इंजिनातून वाफ आली आणि गाडी थांबली. माणसांनी भरलेल्या जीपा तिच्या शेजारून धडगावच्या बाजाराकडे जात राहिल्या. गाडी निवून खाली उतरेपर्यंत बाजार हातचा गेला.

शेठसमोर कोरीटचा भाईदास बायकोला घेऊन बसला होता. त्यांनाही गाडी घ्यायची होती. शेठनं त्यांच्याकडे बघत हसून उत्तर दिलं.

"घाटमा चालाडानी सवय लागस, भाभी. गाडीनी काही चूक नही."

"मंग तुम्ही चालाडा," जाहेदा म्हणाली. "मी बाजूले बठसू. घाट चढी गयी, ते मी परत तुम्हना दारमा येनार नही."

"आते? गिऱ्हाईक बठेल शेतस."

"आम्हले घाई नही," भाईदास म्हणाला. "जाई या तुम्ही."

शेठचा इलाज खुंटला. किल्ली घेताना त्यानं मागे वाकून पाहिलं. बांगड्यांच्या पेट्या कालच्या तशाच होत्या. "हाऊ बोजा ते उतारा."

"रिकामी गाडी लिसन मी काय फिराले जास?"

गाडी निघाली. ऊन तापलं होतं. शेठनं काचा वर करून एसी लावला आणि बोलायला सुरुवात केली. तापीच्या पुलापर्यंत तो गाडीच्या आधीच्या मालकाबद्दल बोलला, तळोद्यापर्यंत टायरांबद्दल. इंजिनाचा आवाज खरंच एकसारखा येत होता. काल रात्री जाहेदाला झोप लागली नव्हती. गाडी खराब निघाली याचं दुःख होतंच. त्याहून जास्त ती एकाच गोष्टीनं हैराण होती: आपल्यालाच चालवता आली नसेल तर? आज ही गाडी शेठच्या हातात सुरळीत वर गेली, तर घरच्यांना काय सांगायचं?

कोठार मागे पडलं. सागाची झाडं लागली, रस्ता वर चढू लागला.

पहिल्या वळणाच्या जरा अलीकडे शेठचा डावा हात पुढे गेला. त्यानं एसी बंद केला आणि आपल्या बाजूची काच खाली घेतली. कान खाजवावा इतक्या सहजपणे. बोलणं चालूच होतं.

जाहेदा त्या हाताकडे बघत राहिली. एसी बंद केला की इंजिनावरचा भार कमी होतो, हे तिलाही ठाऊक होतं.

"इंजिन काही तापनं नही," ती म्हणाली. "काटा आजून हालना बी नही. एसी कसाले बंद करी दिन्हा, शेठ?"

शेठचं बोलणं तुटलं. एक वळण गेलं, दुसरं गेलं. मग त्यानं गाडी कडेला घेऊन थांबवली. खालच्या नाल्यात कुणाच्या तरी शेळ्या ओरडत होत्या.

"रेडिएटर गयेल शे," तो समोर बघत म्हणाला. "सपाटीवर चालस. चढावर चालत नही. मन्हा मेकॅनिकले माहीत व्हतं."

"आन तुम्हले?"

"माले बी."

संतापायचं तिनं सकाळपासून ठरवून ठेवलं होतं. पण आता तिला एकदम हलकं वाटलं. चूक गाडीची होती. तिची नव्हती.

"उतरा," ती म्हणाली. "आते मी चालाडस."

शेठ बाजूच्या सीटवर आला. अरुंद रस्त्यावर, एका बाजूला दरी असताना, जाहेदानं गाडी मागे-पुढे करून वळवली. शेठनं दारावरची कडी धरली होती. रस्ता सरळ झाल्यावरही ती सोडायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. तळोद्याला त्यानं मेकॅनिकला फोन लावला. "नवाच टाकना शे," तो म्हणाला. "धुईधाईसन नही."

यार्डात पोहोचेपर्यंत ऊन कललं होतं. भाईदासची खुर्ची रिकामी होती. शेठनं तिकडे एकदा पाहिलं.

"सामान सुरतथून येई," तो जाहेदाला म्हणाला. "जरासा टाइम लागी, भाभी."

"उद्या मोलगीले बाजार शे. भोंगऱ्या मन्हाकरता थांबाव नही."

शेठनं खिशातून एक किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि ऑफिसच्या सावलीत उभ्या असलेल्या मोठ्या पांढऱ्या गाडीकडे बोट दाखवलं. तिच्या काचेवर किमतीची चिठ्ठी नव्हती.

"तंवलगून हाई लई जा."

दोघांनी मिळून पेट्या एका गाडीतून दुसरीत हलवल्या. एकही बांगडी वाजू न देता शेठनं शेवटची पेटी आत सरकवली आणि दार लावलं. जाहेदा स्टिअरिंगमागे बसली, आरसा आपल्या उंचीला आणला.

"हाई घाट चढस का?" तिनं विचारलं.

शेठनं मान खाली घातली.

"हाई मन्ही स्वतःनी शे, भाभी."