पिवळी ढेप

प्रमिलाबाईंनी पळी पातेल्यातून काढली, नाकाशी नेली आणि पुन्हा आत घातली नाही.

पातेल्यात खिरीचा गूळ विरघळत होता. लिंबायतच्या त्या दोन खोल्यांत आज संध्याकाळी कानबाई देवी बसायची होती. गूळ त्यांच्या थोरल्या मुलाने, भिकनने आणला होता. पर्वत पाटियाला त्याचं गुळाचं दुकान, आणि ही ढेप त्याने मुद्दाम निवडलेली. पिवळीधमक, एकही काळा डाग नाही. आल्याआल्या त्याने ती सगळ्या भाऊबंदांना दाखवली होती.

"वाल्मिक, आठे ये," प्रमिलाबाईंनी हाक मारली.

धाकटा वाल्मिक मोरीपाशी उभा होता. डाइंग मिलमधली रात्रपाळी करून तो नुकताच आला होता. अंगावर मिलचेच कपडे होते.

"हात दखाड."

त्याने हात पुढे केले. एरवी कोपरापर्यंत किरमिजी नाहीतर मोरपंखी असणारे हात आज स्वच्छ होते. यंदा कानबाई बसवायचा मान पहिल्यांदाच त्याचा आणि त्याच्या बायकोचा, रंजनाचा होता. रंगलेल्या हातांनी पूजेच्या पाटावर कसं बसायचं? म्हणून पाळी सुटताना त्याने मिलमधले सगळे करतात तेच केलं. हायड्रोची पांढरी पूड ओल्या तळव्यांवर चोळली. रंगवलेल्या साडीवरचा जादा रंग मिलमध्ये हायड्रोच काढतो. कातडीवरचाही काढतो. वास मात्र मागे राहतो, विझलेल्या काडीसारखा.

प्रमिलाबाईंनी त्याचा तळवा हुंगला. मग पळी हुंगली.

"एकच वास से. बिगर आंघोयना गुयले हात लावा का तू?"

गहू निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले.

वाल्मिक पातेल्यावर वाकला. वाफ नाकात गेली आणि क्षणभर त्याला आपण मशीनपाशीच उभे आहोत असं वाटलं. हायड्रोचे ड्रम कापडाला जातात तसे काही गुऱ्हाळांनाही जातात, हे मिलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. उकळत्या रसात ती पूड पडली की काळपट गूळ सोन्यासारखा दिसतो. ढेपेला भाव येतो, आणि पूड खाणाऱ्याच्या पोटात जाते.

"माय, गूय एक नंबर से," पंख्याखालून भिकन म्हणाला. "दुकानमा असा माल टिकत नई."

त्याची धाकटी लेक हर्षदा वाटी घेऊन शेगडीपाशी येऊन बसली होती. कानबाईचा नैवेद्य उरवायचा नसतो, टाकायचा नसतो, परक्याला द्यायचा नसतो. जे शिजेल ते घरातल्यांनीच संपवायचं, पोरांनीसुद्धा.

वाल्मिकने भिकनकडे पाहिलं. भिकन मोबाइलकडे पाहत होता. भिंतीला टेकून काका, चुलतभाऊ, त्यांची मुलं बसली होती. सगळे कानबाईसाठीच आलेले.

"ह्या तं कव्हयना मोरीमाच..." रंजनाने तोंड उघडलं. वाल्मिकने तिच्याकडे पाहिलं. ती थांबली.

"लावा मी हात," तो म्हणाला. "खडा तोडीसन खादा. भूक लागनी व्हती."

"कानबाईना आगोदर?"



"भाऊजी, मिलमा उपाशी ठेवतस का तुमले?" भिकनची बायको सरला म्हणाली. दोघीतिघी हसल्या.

प्रमिलाबाई हसल्या नाहीत. उष्टावलेल्या गुळाचा नैवेद्य चालत नाही. त्यांनी फडक्यात धरून पातेलं उचललं आणि सगळा पाक मोरीत ओतला. गावाहून आणलेल्या काळ्या गुळाचा डबा फळीवरून खाली काढला. पाठ वळवून म्हणाल्या, "आते तू पाटवर नई बसाव. भिकन बसी."

रंजनाने दोरीवर टाकलेली हळदी रंगाची नवी साडी काढली. घडी मोडलेली नव्हतीच. ती तिने पिशवीत ठेवली.

वाल्मिक बाहेर येऊन पायरीवर बसला. थोड्या वेळाने भिकन उरलेली ढेप पोत्यात गुंडाळून घेऊन आला आणि स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी ती ठेवली.

"दुकानमा खपी जाई," तो म्हणाला. मग दाराकडे एकदा बघून त्याने आवाज खाली आणला. "ढेप मीच उतारी, मीच फोडी. तू हात कव्हय लावा रे?"

वाल्मिकने आपले तळवे उलटसुलट करून पाहिले.

"हायड्रोमा रंग निघी जास, भाऊ. वास नई जात."

भिकनने पोत्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"गिऱ्हाईक रंगच देखस," तो म्हणाला.

"गिऱ्हाईकना घरमाबी हर्षदा व्हई."

 आतून प्रमिलाबाईंची हाक आली. "भिकन, हात धोईसन ये. चौरंग मांडना से."

दाराजवळच्या नळाखाली भिकनने हात धरले. त्या हातांना कधी रंग लागलेला नव्हता. त्याने साबण लावला, हात धुतले. मग पुन्हा साबण लावला. आतून दुसरी हाक आली, तेव्हा त्याने नळ बंद केला आणि दोन्ही तळवे नाकाशी नेले.