गुडघेदुखीची साथ

नव्या विषाणूची बातमी आली तशी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी जय्यत तयारी केली. तज्ज्ञांची सगळी भाषणं ऐकली आणि दवाखान्याच्या दारावर पाटी लावली: 'खोकला असणाऱ्यांनी मागे पत्र्याखाली बसावे. त्यांना सगळ्यात शेवटी तपासले जाईल.'

दुसऱ्या दिवसापासून पत्र्याखालची बाकं ओस पडली आणि आतल्या खोलीत मुंगी शिरायलाही जागा उरली नाही. जो तो गुडघा धरून आलेला. डॉक्टर गुडघा दाबून बघायचे, तेव्हा पेशंट तोंड गच्च मिटून, डोळ्यांत पाणी आणून बसायचा.

"फारच दुखतंय वाटतं," डॉक्टर कळवळून म्हणायचे.

आरोग्य खात्यातून फोन आला की ऐटीत सांगायचे, "आमच्याकडे खोकल्याचा एकही पेशंट नाही."

थोड्याच दिवसांत खुद्द डॉक्टरांना ताप भरला, खोकल्याची ढास थांबेना. बायकोने त्यांना गाडीत घालून त्यांच्याच एका जुन्या मित्राच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या दारावरही अगदी तशीच पाटी होती. आत काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "काय होतंय?"

 

डॉक्टरांनी घशाशी आलेली ढास गिळली आणि म्हणाले, "गुडघा."