उपाशी मोटर

बकरीएवढी रिमोटची गाडी वाळूच्या टेकडीवर चढायची, पण वळायचं काही नाव घेईना. चाकं वळवणारी मोटर अबू राकानने सकाळपासून दोनदा बदलली होती. कुवेतच्या या माळावर गाड्या पळवायला जमणाऱ्या सगळ्यांच्या गाड्यांची दुखणी सतरा वर्षं तोच बरी करायचा, म्हणून कॉफीचा पहिला, मानाचा पेला कायम त्याचा. ओतायची त्याची मुलगी अन्वार, कारण किटली सगळ्यात धाकट्याच्या हाती, हा तिथला रिवाज.

“बाबा, तिसरी मोटर नका बसवू. गाडी उचलून धरली की चाकं झकास वळतात, वाळूला टेकली की अडतात. मोटर धडधाकट आहे, उपाशी आहे. ही बॅटरी तिला पुरत नाहीये.”

“आता तू शिकव मला!” तो खेकसला. भोवतालचे काका-मामा खो-खो हसले.

तिने गुपचूप मोटरीला वेगळी, मोठी बॅटरी जोडली. गाडी टेकडी चढली, माथ्यावर गर्रकन वळली आणि थेट अबू राकानच्या पायाशी येऊन थांबली.

अन्वार कॉफी ओतायला वळली, तर किटली जागेवर नव्हती. ती बापाच्या हातात होती.

“बस खाली,” तो गुरगुरला आणि पहिला पेला त्याने तिच्यापुढे धरला.