वांग्याचं पथ्य

ज्योतीच्या गळ्यावरची लाली एका सरळ रेघेत थांबत होती. कामावर ती बंद गळ्याचं ब्लाऊज घालायची. आज रविवार, म्हणून रुंद गळ्याचं. त्यामुळे ती रेघ काठाच्या दोन बोटं वर उघडी पडली होती. रेघेच्या वर, हनुवटीखाली, कानांमागे, पापण्यांवर त्वचा लाल आणि जाड. रेघेच्या खाली काही नाही. तळहातही स्वच्छ.

तिनं पदर ओढून रेघ झाकली. थोड्या वेळानं पदर टोचू लागला, तसा काढला. मग पुन्हा झाकली.

जामनेर रस्त्यावर मालक भूपेंद्रभाऊंच्या शेतात कारखान्यातली सगळी माणसं जमली होती. दर थंडीत भाऊ कामगारांना भरीत खाऊ घालत. तुरीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजून झाली होती. तानुबाई ती सोलून काठवटीत ठेचत होती. पंगत बसली, केळीची पानं मांडली गेली. ज्योतीनं आपल्या पानावर डब्यातली दोडक्याची भाजी काढली.

"दोन वरीस व्हयनात तुले वांगं सोडीसन," तानुबाई म्हणाली. "तोंड बरं व्हयनं का?"

"पथ्य आहे, मावशी."

"पथ्य तुनं, शिक्षा आमले. तुना डबाकडे देखीसन भरीत गोड लागत नही."

"वांग्यालाच हिची ॲलर्जी झाली असेल," पलीकडून हिलाल म्हणाला. पंगत हसली.

भूपेंद्रभाऊ पुऱ्या वाढत आले. "हसा, हसा. एप्रिलपासून नवीन शेड हिच्याच हाताखाली आहे. तेव्हा बघतो कोण हसतं." मग आवाज उतरवून तिला म्हणाले, "घरून आमसुलं आणलीत तुझ्यासाठी. पित्तावर बरी."

ज्योतीनं मान हलवली.

नऊ वर्षं ती तिथं फायबरचे दरवाजे तपासत होती. दरवाजे ज्यापासून बनत त्या चिकट रेझीनला ती हातही लावत नसे. पत्र्याच्या आडोशापलीकडे हिलाल रेझीनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर घालून घोटायचा, आणि वास आडोशावरून इकडे यायचा. मास्क लावून पाहिला होता, पण पापण्यांना मास्क नसतो. नव्या शेडमध्ये तर आडोसाही नव्हता.

दिवाळीत कारखाना दहा दिवस बंद होता. ती धुळ्याला माहेरी गेली. सातव्या दिवशी आरशातला चेहरा आपला वाटला. आठव्या दिवशी आईनं भरीत केलं आणि ती दोनदा मागून जेवली. काहीच झालं नाही. कामावर परतली त्याच संध्याकाळी पापण्या सुजल्या. हे तिनं अजून कोणाला सांगितलं नव्हतं. दोष वांग्याचा असेपर्यंत नवीन शेड तिची होती.

तिची बोटं गळ्याकडे गेली आणि खाजवण्याआधीच खाली आली. तिनं दोडक्याची भाजी पानाच्या कडेला सारली.

"मावशी, मला वाढा."

"काय वाढू?"

"भरीत."

तानुबाईनं भाऊंकडे पाहिलं, ज्योतीकडे पाहिलं, आणि मोठा गोळा तिच्या पानावर ठेवला. ज्योतीनं पुरीचा तुकडा मोडला, भरीत उचललं, खाल्लं. लगेच दुसरा घास.

"अगं, काय करतेस?" भाऊ पुऱ्यांची परात घेऊन तसेच उभे राहिले. "उद्या डोळे उघडणार नाहीत तुझे. कामावर कशी येशील?"

तिनं तिसरा घास गिळला. पदर गळ्यावरून बाजूला केला. रेघ उन्हात आली.

"नाही सुजणार, भाऊ. उद्यापासून मी कामावर येणार नाही."