खुराड्याची कडी

"तयार खुराडं मागवलं असतंत, तर एव्हाना कोंबड्या आत बसल्या असत्या," सुतार म्हणाला आणि त्याने शेडच्या दारावरचा भुसा फुंकून उडवला.

थोरलीने हे आज दुसऱ्यांदा ऐकलं. सकाळी धाकट्या भावाचा फोन आला होता, त्याचंही तेच पालुपद. "ताई, कशाला त्या मोडक्या शेडच्या नादी लागतेस? तयार मिळतं. दोन दिवसांत दारात. मी पाठवतो ना." धाकट्याची माया नेहमी पार्सलनेच यायची. स्वतः येण्याचा विषय काढला, की त्याच्या ऑफिसात कामाचा डोंगर उभा राहायचा.

पण तयार खुराडं जेमतेम कमरेएवढं. त्यात कोंबड्या मावल्या असत्या, आई मावली नसती. आणि हा सगळा खटाटोप आईसाठीच तर होता. आई घराबाहेर पडायची ती कोंबड्या शोधायला. कधीकाळी पाळलेल्या, केव्हाच मेलेल्या कोंबड्या. "दिवस बुडायला आला, अजून आल्या नाहीत मेल्या," असं म्हणत ती भर सकाळीसुद्धा निघायची, आणि मग थोरली पायात काही न घालता रस्तोरस्ती धावायची. काल पहाटे एका ट्रकवाल्याने आईला हाताला धरून घरी आणून सोडलं. हमरस्त्याच्या मधोमध उभी होती म्हणे, मुठीत दाणे घेऊन. "ब्रेक लागला म्हणून, ताई," एवढंच तो बोलला.

सोमवारी थोरलीची रजा संपत होती. खऱ्याच कोंबड्या आणाव्यात, आईला त्यांच्यात उभं राहता येईल, बसता येईल अशी जागा करावी, म्हणजे ती दिवसभर तिथेच रमेल, असं तिने ठरवलं होतं. रमेलच, असं ती स्वतःला बजावत होती. दुसरं काही सुचतच नव्हतं. धाकट्याने एकदा कुलपाचं नाव काढलं, तेव्हा ती त्याच्यावर कडाडली होती. "आईला कोंडू? आपल्या आईला?"

सुताराने काम चोख केलं होतं. खिडकीला जाळी, कोंबड्यांना रात्री बसायला आडव्या काठ्या, कोपऱ्यात अंड्यांसाठी खोकी, आईसाठी एक बाक. शेवटी दाराला बाहेरून कडी बसवून त्याने थोरलीला हाक मारली.

"ही बघा. आधी ही कळ दाबायची, दाबून ठेवूनच कडी वर उचलायची, मग ओढायची. मुंगूस येऊ द्या नाहीतर बोका, डोकं आपटून परत जाईल."

आई मागेच उभी होती. कोंबड्यांचं बोलणं निघालं, की ती कुठूनही यायची. "बघू," म्हणत ती पुढे झाली. तिने कडी ओढली. मग खाली रेटली. मग दोन्ही हातांनी खडखडवली. घरातली एकही कडी आजवर तिच्यापुढे टिकली नव्हती. वरचा बोल्ट ती खुर्चीवर चढून काढायची, साखळी अंधारात चाचपून सोडवायची. पोटच्या पोरांची नावं विसरली, पण दार उघडायचं काही विसरली नव्हती. या कडीपुढे मात्र तिने हात टेकले. "नाही हो उघडत," असं सुताराला सांगून ती पायरीवर जाऊन बसली.

थोरली त्या कडीकडे बघतच राहिली. मनात जे आलं, त्याची तिला भयंकर लाज वाटली. हे काही कुलूप नाही, नुसती कडी आहे, दुपारी शेजारीण येऊन उघडेल आणि जेवायला घालेल, असं ती मनातल्या मनात कोणाला तरी समजावू लागली. लाज तेवढ्याने गेली नाही. पण रस्त्याच्या मधोमध उभी असलेली आईसुद्धा डोळ्यांपुढून जात नव्हती. कोंडायचंच, तर निदान खुराड्यात तरी नको.

"ही काढा," ती म्हणाली.

"काढू? अहो, आत्ता तर बसवली."

"काढा. शेडचं राहू द्या. कोंबड्या आणल्याच, तर भाऊ पाठवेल ते तयार खुराडं." तिने घराकडे बोट दाखवलं. "ही आमच्या आतल्या खोलीला लावून द्या. बाहेरून."

सुताराने तिच्याकडे पाहिलं, मग पायरीवरच्या म्हातारीकडे. कडी काढून, हत्यारं उचलून तो घरात गेला.

खोलीच्या दाराशी स्क्रू द्यायला कोणीतरी हवं होतं. थोरलीच्या हातून ते सारखे निसटत होते. शेवटी आईनेच खाली वाकून ते वेचले, तळहातावर नीट मांडले आणि एकेक करून सुताराला देऊ लागली. किती दिवसांनी तिला कोणी कामाला घेतलं होतं. ती अगदी खुशीत होती.

"कोंबड्यांसाठी ना गं ही?" तिने थोरलीला विचारलं.

"हो."

"किती आहेत तुझ्या?"

धड खोटं बोलायचंही त्राण थोरलीत उरलं नव्हतं.

"एकच."

आईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. कोणा परक्या, अडाणी मुलीला समजुतीच्या चार गोष्टी सांगाव्यात, तशी ती थोरलीच्या जवळ सरकली.

"एकटी ठेवू नये गं बाई. दाणा-पाणी सगळं दिलं, तरी खात नाही. झुरते." आणि तिने पुढचा स्क्रू सुताराच्या हातावर ठेवला.